पाऊस आला तर डबल

आमच्या दोन घरांत फुटबॉलवर पैज लागते ती जेवणाची. माझं माहेर कोल्हापुरातल्या एका पेठेत, सासर दुसऱ्या पेठेत, आणि दोन्ही पेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ एकमेकांचे जुने वैरी. हे दोन संघ समोरासमोर आले, की आदल्या संध्याकाळी माझे वडील आणि माझे सासरे फोनवर पैज लावतात. ज्याची तालीम हरेल त्यानं दुसऱ्याच्या घरच्यांना मटणाचं जेवण घालायचं. हरलेल्यांनी रांधायचं आणि वाढायचं, जिंकलेल्यांनी मांडी घालून बसायचं आणि रस्सा पातळ झालाय म्हणून नावं ठेवायची. माझ्या लग्नाच्या बोलणीत आवाज चढला तो देण्याघेण्यावरून नाही, तालमीवरून. माझा धाकटा भाऊ आमच्या तालमीचा गोलकीपर होता आणि माझा दीर त्यांच्या तालमीचा फॉरवर्ड. एकानं मारायचं आणि दुसऱ्यानं अडवायचं, आणि दोघांच्या मधे मी.

पैशांवर खेळणारेही गावात आहेत. मॅचच्या दिवशी चहाच्या गाड्यावर ती मंडळी खेळाडूंचं बोलत नाहीत, आभाळाचं बोलतात. आमचा हंगाम थंडीत सुरू होतो आणि लांबत लांबत वळवात येतो, त्यामुळं मोठ्या मॅचेस नेमक्या एप्रिल-मेमध्ये सापडतात. दुपारी मैदान भाजत असतं आणि चारला पन्हाळ्याच्या बाजूनं काळं होऊन येतं. चिखल झाला की पास अर्ध्यात थांबतो, चांगला संघ ढेपाळतो आणि सकाळी छाती पुढं काढून फिरणारा पैजवाला संध्याकाळी मान खाली घालून घरी जातो. आमच्या घरी त्याला जुगार म्हणत आणि आमच्या जेवणाला गंमत. मीही तसंच म्हणायची, आणि वर चार शब्द ऐकवायची, कारण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

सासरी मला कुणी वाईट वागवलं नाही, हे आधीच सांगते. पण मॅच आली की मी त्यांची उरायची नाही. दीर चहाचा कप माझ्यापुढं धरायचा आणि म्हणायचा, "वैनी, आधी तुम्ही एक घोट घ्या." सासऱ्यांना सगळं घर आबा म्हणतं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की आबा मोठ्यानं म्हणायचे, "हळू बोला रं, घरात हेर हाय." सगळे हसायचे. मीही हसायची आणि आत जाऊन भांडी आपटायची. भाकरी मी थापायची, दिराची जर्सी मी धुवायची, तिच्यावरचे चिखलाचे डाग ब्रशनं घासून घासून माझी बोटं सोलायची, आणि मॅचच्या दिवशी मी हेर! लग्नाला तीन वर्षं झाली होती. मला वाटायचं, एकदा तरी यांनी मला आपल्यातली म्हणावं. इतकी साधी हाव होती, पण हावच होती.

आता भावाच्या खांद्याचं सांगायला हवं. तो बारावीत असताना, असाच वळीव पडून गेल्यावर, ओल्या मैदानात सराव करताना त्यानं डावीकडं झेप घेतली. पाय घसरला, सगळा भार खांद्यावर आला आणि हात सांध्यातून निसटला. एका हातानं सायकल ढकलत तो गल्लीच्या तोंडापर्यंत आला आणि तिथूनच त्यानं मला फोन केला. मी त्याला गाडीवर मागं बसवून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं हात बसवला आणि बजावलं, की हा खांदा आता सैल झालाय, पुन्हा असं पडलं तर पुन्हा निसटेल आणि मग ऑपरेशनशिवाय इलाज नाही. घरी आम्ही सांगितलं, सायकलवरून पडला. आप्पांना, म्हणजे वडिलांना, खरं कळलं असतं तर त्यांनी त्याचं खेळणं बंद केलं असतं, आणि गोलमध्ये उभं राहणं सोडून त्या पोराला दुसरं काही सुचत नव्हतं.

"आक्का, अंबाबाईची शपथ घे," तो म्हणाला होता. "तू आणि मी. तिसऱ्याला कळता कामा न्हाय."

मी शपथ घेतली. पुढं तो आमच्या तालमीचा मुख्य गोलकीपर झाला. कोरड्या मैदानात तो झटकन दोन पावलं सरकून चेंडूच्या मागंच जाऊन उभा राहायचा, त्यामुळं डावीकडं पडायची वेळच त्याच्यावर यायची नाही. लोक म्हणायचे, काय अंदाज आहे पोराचा! पण ओल्या मैदानात पाय सरकतो, ती दोन पावलं टाकता येत नाहीत, सरळ अंग टाकावं लागतं, आणि तिथं तो कचरायचा. डाव्या हाताला, जमिनीलगत आलेला चेंडू तो पायानं कसाबसा अडवायचा. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण पाऊस रोज येत नाही.

त्या वर्षी फायनलला आमच्याच दोन तालमी आल्या. आदल्या संध्याकाळी सासरी आबा, माझा नवरा, दीर असे सगळे जेवायला बसले होते आणि मी वाढत होते. आप्पांचा फोन आला तसा आबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"पावणं," आप्पा म्हणाले, "उद्या वळीव येणार म्हणालेत. पाऊस आला तर पैज रद्द. चिखलात काय मॅच व्हतीया व्हय?"

"इचार करून सांगतो," असं म्हणून आबांनी फोन ठेवला आणि भाकरी मोडत म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. चिखलात कुणाचं काय खरं न्हाय. रद्द म्हणून टाकू."

"आबा, रद्द करू नका," मी म्हणाले.

"का गं?"

"उलट सांगा, पाऊस आला तर डबल."

दीर हसला. "वैनी, तुमच्या भावाला गोल कोण मारणार? हंगामात कुणी मारलाय व्हय?"

ते हसणं मला झोंबलं म्हणू, की सगळे माझ्याकडं बघत होते त्याची नशा चढली म्हणू. कुणी विचारलं नव्हतं, कुणी गळ घातली नव्हती. हातात भाकरीची टोपली घेऊन मी उभी होते आणि उभ्या उभ्या बोलून गेले. ओल्या मैदानात तो डावीकडं पडत नाही. त्याचा खांदा एकदा निखळलाय. खाली मारा, त्याच्या डाव्या हाताला.

दिराचा घास हातातच राहिला. आबा सासूबाईंना म्हणाले, "सुनंला उभी का ठेवलीस? बसू दे की आमच्यासंगं."

सासूबाईंनी पाट सरकवला, तव्यावरची गरम भाकरी माझ्या ताटात टाकली आणि वर लोणी घातलं. पुरुषांच्या पंगतीला त्यांच्याबरोबर मी त्या घरात पहिल्यांदा बसले. ती भाकरी मला गोड लागली. सगळ्या प्रकरणात मला कशाची लाज वाटते असं कुणी विचारलं, तर मी आधी त्या भाकरीचं नाव घेईन.

आबांनी तिथल्या तिथं आप्पांना फोन लावला. "पावणं, पाऊस आला तर डबल."

"डबल म्हंजी?"

"आमच्या आख्ख्या गल्लीला जेवण."

आप्पा खळखळून हसले. "ठरलं! मांडा चूल!" त्यांचा मुलगा गोलमध्ये होता, त्यांना कसली भीती.

फोन ठेवून आबा सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "ह्या घरातली गोष्ट ह्या घरात. सुनंचं नाव कुठं निघता कामा न्हाय." ते मला सांभाळत होते. माणूस खरंच भला आहे, आणि म्हणूनच मला त्यांच्यावर रागही काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाहूपुरीतल्या माझ्या ऑफिसात होते. दुपारी भावाचा फोन आला. "आक्का, आम्ही आत तालमीत हाय. तुझ्याकडनं आभाळ कसं वाटालंय गं?"

मी खिडकीपाशी गेले. इमारतींच्या वर पन्हाळ्याकडची बाजू काळी पडायला लागली होती. तेव्हा सांगता आलं असतं. अरे, माझं तोंड सुटलं, सांभाळ, आज डावीकडं मारणार आहेत, कोचला सांगून बाहेर बस. एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? पण सांगितलं असतं तर दोन्ही घरांत माझीच शोभा झाली असती.

"स्वच्छ हाय," मी म्हणाले. "येत न्हाय पाऊस."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याचा जीव भांड्यात पडल्याचं मला फोनवरूनही कळलं.

मॅच सुरू झाली तेव्हा पाऊस नव्हता. आम्ही बायकांसाठी राखलेल्या भागात बसलो होतो. तिथं दोन्ही पेठांच्या बायका शेजारी शेजारी असतात आणि तोंडाला तोंड देत असतात. माझी आई दोन ओळी खाली होती, मी सासूबाईंजवळ. थोड्याच वेळात वारं सुटलं, मैदानातली माती उठली, झेंडे उलटे झाले आणि टपोरे थेंब आले. पोरांनी कठड्याला बांधलेले खेळाडूंचे मोठे फलक सोडले आणि डोक्यावर धरले. एका फलकावर माझा भाऊ होता, दोन्ही हात पसरलेला, आणि त्याच्या चेहऱ्याखाली दहा-बारा जण दाटीवाटीनं उभे होते. पंचांनी विजा थांबेपर्यंत खेळ थांबवला आणि मग पुन्हा सुरू केला. गोलपुढच्या जागेचा तोवर नुसता गाळ झाला होता.

पहिला चेंडू खाली, डावीकडं. भावानं पायानं अडवला. दुसरा तिथंच. तोही पायाला लागून बाहेर गेला. तिसराही तिथंच आला, दिरानंच मारलेला, आणि भावानं तो गुडघ्यानं कसा थोपवला हे त्यालाच ठाऊक. तो उठला, हातमोजे जर्सीला पुसले आणि मान वळवून बायकांच्या बाजूला बघितलं. बराच वेळ बघत राहिला. तो पाऊस किती आहे ते बघतोय, असं मी मनाला सांगितलं.

हाफटाइमपर्यंत गोल झाला नाही. माझ्या मनात आलं, की आता कोच त्याला बदलेल, त्याला काहीतरी झालंय हे कुणाच्याही लक्षात येईल. पण दुसऱ्या हाफला तोच गोलमध्ये उभा राहिला.

मग दिरानं डावीकडं मारलेला तो चेंडू आला, आणि या वेळी भावानं पाय पुढं केला नाही. त्यानं अंग टाकलं. सबंध अंग, डाव्या खांद्यावर, जसं तो सहा वर्षांत कधी पडला नव्हता. चेंडू त्याच्या बोटांना लागून आत गेला. आमच्या बाजूच्या बायका उड्या मारायला लागल्या, पिपाण्या वाजल्या, सासूबाईंनी मला घट्ट मिठी मारली. मी टाळ्या वाजवत होते. कुणी बघत असेल म्हणून वाजवत होते, पण वाजवत होते.

खाली माझी आई प्लॅस्टिकचा कागद डोक्यावरून सोडून उभी राहिली होती. तिला चष्म्यावरच्या पाण्यानं काही दिसत नव्हतं. तिनं मागं वळून मलाच विचारलं, "उठला का गं? बघ की, उठला का त्यो?"

तो उठला नाही. दोघांनी धरून त्याला उठवलं तेव्हा डावा हात खांद्यापासून वेगळाच लोंबत होता.

त्या एका गोलनं आमची तालीम हरली. आमची म्हणजे कुठली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. भावाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, रोजची कामं करता येतील, पण गोलमध्ये पुन्हा उभं राहायचं नाही. दवाखान्यात आप्पा येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होते, "पोरगं माझं पक्कं हाय. पावसानं घात केला." मी कॉटच्या पायथ्याशी बसले होते. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, तसं मी म्हणाले, "व्हय की आप्पा, मेला कसला त्यो पाऊस." ऑफिसातही मी तेच सांगितलं. पाऊस बिचारा कुणाला उत्तर द्यायला येत नाही. त्याच्या नावावर काहीही खपतं.

मला वाटलं होतं, भावाची ही दशा झाल्यावर पैजेचं कुणी नाव काढणार नाही. आबाच म्हणाले, "पावणं, जेवणाचं राहू द्या." पण आप्पांना ते पटलं नाही. शब्द म्हणजे शब्द. पोराचा हात गळ्यात अडकवलेला असताना त्यांनी अंगणात मांडव घातला, चुली मांडल्या आणि माझ्या सासरची आख्खी गल्ली जेवायला बोलावली. आईनं आणि काकूंनी पहाटेपासून मसाला वाटला. मी मदतीला म्हणून लवकर गेले, पदर खोचून चुलीपाशी बसणार तोच आबा आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सुनबाई, आज तिकडं न्हाय. आज आमच्या पंगतीत बसायचं."

आधीच्या पैजांच्या वेळी, कुणीही हरलं तरी मी वाढणाऱ्यांतच असायची. त्या दिवशी माझ्याच माहेरच्या अंगणात, जिंकलेल्यांच्या ओळीत, मी पाहुणी म्हणून बसले. ओळीतल्या आमच्या घरच्या चार माणसांना सगळं माहीत होतं आणि ती माना खाली घालून जेवत होती. वाढणाऱ्यांपैकी कुणाला काही माहीत नव्हतं. असं मला वाटत होतं.

हरलेल्या घरच्या खेळाडूनं वाढायचं ही रीत. आई नको म्हणत असताना भाऊ उठला. डावा हात गळ्यात, उजव्या हातात ओगराळं, आणि पातेलं धरायला एक चुलतभाऊ बरोबर. तो एकेका ताटापाशी वाकत होता आणि दर वाकण्याला ओठ दाबत होता. लोक त्याच्या पाठीवर हात फिरवत होते. आप्पा मधोमध उभे राहून सगळ्यांना आग्रह करत होते आणि मुलाचं कौतुक त्यांच्या तोंडात मावत नव्हतं.

"तुमाला सांगतो पावणं," ते आबांना म्हणाले, "हाफटाइमला कोचनं इचारलं हुतं त्येला. सगळं बॉल तुझ्या डावीकडंच का मारालेत रं? कुठं दुखतंय व्हय? दुखत असंल तर सांग, दुसरा गडी घालतो. तर ह्यो म्हणतो कसा, न्हाय, मला काय झालं न्हाय. आन् पुढचा बॉल आला तशी झेप घेतली की वाघानं! खांदा गेला तर गेला!"

आबांनी रश्श्यात भाकरी कुस्करली. दीर पाणी पिऊ लागला आणि पीतच राहिला.

मला तेव्हा कळलं. दुखतंय म्हणाला असता तर तो त्याच क्षणी सुटला असता. बाकावर बसला असता, हात शाबूत राहिला असता. पण मग कोचनं पुढचं विचारलं असतं, आप्पांनी विचारलं असतं, सबंध पेठेनं विचारलं असतं: हे त्यांना कळलं कुठनं? आणि गोलकीपरची बहीणच त्या घरात दिलेली आहे, हे शोधून काढायला कुणाला फार डोकं लागलं नसतं, असा त्यानं हिशेब केला असणार. पुन्हा पायानं अडवत राहिला असता तरी लोकांच्या नजरेत आलं असतं. म्हणून त्यानं अंग टाकलं.

तो माझ्या ताटापाशी आला आणि वाकला. मी वर बघितलं नाही. त्याच्या गळपट्टीला दवाखान्याचा वास येत होता.

"तुला कळलंतं?" मी पुटपुटले.

"तिसऱ्या बॉललाच." त्यानं ओगराळं भरून माझ्या वाटीत रस्सा घातला, चांगले दोन तुकडे बघून घातले, मला आवडतात तसे नळीचे. "जेव आक्का. आप्पा बघालेत."

आणि तो पुढच्या ताटाकडं सरकला. मी जेवले. ताटात काही टाकलं असतं तर आईनं विचारलं असतं, म्हणून सगळं संपवलं. आप्पांनी येऊन विचारलं, रस्सा कसा झालाय? जिंकलेल्यांनी नावं ठेवायची असतात, तर मी म्हणाले, "पातळ हाय." आप्पा हसले, सगळे हसले. वाढता वाढता तोही हसला.

आता तो संध्याकाळी तालमीच्या लहान पोरांना गोलमागं उभा राहून शिकवतो. ओलं मैदान असलं की त्यांना आधी पडायला शिकवतो म्हणे. माझ्याशी तो पहिल्यासारखाच बोलतो, भाऊबीजेला येतो, माझ्या लेकीला खांद्यावर घेतो, उजव्या. त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही आणि मीही नाही. कधी काढावा वाटतं, तर जीभ उचलत नाही. एरवी सबंध गल्लीला पुरून उरणारी माझी जीभ.

यंदाही वळवाच्या तोंडावर दोन्ही तालमींची मॅच लागली. आदल्या संध्याकाळी आप्पांचा फोन आला. आबा बोलत होते, दीर कोपऱ्यात बूट साफ करत होता, आणि मी चहा घेऊन बाहेर आले. कुणी आवाज खाली केला नाही, कुणी घोट घ्यायला लावला नाही. आबांनी माझ्याकडं बघून शेजारी जागा करून दिली. त्या जेवणापासून सासरी मला कुणी हेर म्हणत नाही.